विसाच्या पुढे

त्या वर्षी मीठ चांगलं धरलं होतं, पण ढग वेळेआधी आले. महिनाभराच्या उन्हाचा भरवसा धरून बसलेल्या मुकादमाने एका सकाळी आभाळाकडे पाहिलं, बांधावर पचकन थुंकला आणि म्हणाला, "आजपासून उपसा. वाफ्यात आहे तेवढं सगळं राशीवर." पाच आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत उरकायचं होतं. आभाळाशी भांडून काय उपयोग, हे मिठागरावर पोरासोरांनाही माहीत होतं.

मीठ वाहायला सहा बाया होत्या आणि त्यांच्या पाट्या मोजायला एक. तिला सगळे मोजणारीण म्हणत. रास जिथून चढायला लागे तिथे ती उभी राही आणि पाटी पालथी झाली की आकडा पुकारी. आवाज असा खणखणीत, की तीन वाफे पलीकडे लाकडी फळीने मीठ ओढणाऱ्या तिच्या नवऱ्याला बायकोचा आजचा राग-लोभ आकड्यांवरून कळे. मोजणी एकापासून विसापर्यंत. विसावी पाटी पडली की ती कमरेच्या पिशवीतून एक खडा काढून डब्यात टाकी आणि सूर लावी,

"विसाला खडाऽ, दम घ्या थोडाऽ!"

मग सहाही बाया जागच्या जागी थांबत. मान सरळ करत, घोटभर पाणी पीत, पायाच्या भेगांत घुसलेले मिठाचे कण नखाने काढत. खड्याचा आवाज विरला की पुन्हा एक. पुन्हा दोन. संध्याकाळी मुकादम डबा पालथा करून खडे बघे आणि दिवस संपे. मोजणारणीच्या आधी तिची सासू मोजायची. एका थंडीत सासूचा घसा बसला तो बसलाच. तेव्हा तिने मोजणी सुनेला दिली आणि साठीला टेकलेल्या डोक्यावर पुन्हा पाटी घेतली. जीभ मात्र बसली नव्हती. तिला काही झालं नव्हतं.

उपशाच्या तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. गुरुजींनी मोजणारणीला बोलावलं होतं.

"आत्ता?" मुकादमाने कपाळाला हात लावला. "आभाळ डोक्यावर येऊन बसलंय आणि तू शाळेत जाणार?"

"पोरीचं काहीतरी आहे, मुकादम. गेले तशी येते."

"तोवर मी मोजते," सासू पाटीखालून म्हणाली. "जाऊ दे तिला. शाळा शिकून मीठ गोड होतंय का ते बघून येऊ दे."

शाळा बांधाच्या टोकाला होती. एकच खोली, वर पत्रा, खिडकीला गज. मोजणारीण दाराशी थबकली. तिच्या पायांवर पांढरे थर होते आणि खोली नुकतीच झाडलेली दिसत होती. शेवटी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

तिची पोर आठ वर्षांची. काडीसारखे पाय आणि एका जागी ठरणं नाही, म्हणून बापाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. टिटवी पहिलीत दुसऱ्यांदा बसली होती आणि तिच्या रांगेत मिठागरावरची आणखी पाच पोरं होती. सहाही तिथेच रुतलेली.

"बाई, मी काही सांगत नाही. तुम्हीच ऐका," गुरुजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पन्नास पोरं, दोन वर्ग आणि एक फळा यांनी पार दमून गेला होता. "टिटवे, मोज बघू."

टिटवी उभी राहिली. एक, दोन, तीन. आवाज मोकळा, कुठे अडखळणं नाही. सतरा, अठरा, एकोणीस, वीस.

"विसाच्या पुढे?"

"खडा!" टिटवी ठसक्यात म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरचा एक पोरगा तर "ए खडा, ए खडा" म्हणत बाक बडवायला लागला. हा विनोद या वर्गात नवा नव्हता हे उघड होतं. टिटवीची मान खाली गेली. तिला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

मोजणारणीला मात्र कळलं. पोरीने तो शब्द म्हटला तो सूरसुद्धा तिचाच होता. तान्ही असल्यापासून ही पोर राशीच्या सावलीत झोपली होती, आणि झोपेत, जागेपणी, आजारपणात तिच्या कानावर हेच पडलं होतं. वीस झाले की खडा, आणि खडा झाला की पुन्हा एक. त्याच्या पुढे जग आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सहाही जण असेच," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "दोन वर्षं घोकून घेतोय. अठरा-वीस दिवसांनी तपासणीस साहेब येतील. यावेळी शंभरापर्यंत आलं नाही तर नावं कमी करायची, असा वरून हुकूम आहे. मग पोरगी घरी."

घरी म्हणजे कुठे, हे गुरुजींना बोलून दाखवायची गरज नव्हती. टिटवीच्या डोक्यावर चुंबळ कशी दिसेल ते मोजणारणीला तिथल्या तिथे दिसलं.

"पोर मठ्ठ नाही, गुरुजी," ती म्हणाली. "मी शिकवलंय ते तिने जसंच्या तसं उचललंय. चूक माझ्या तोंडची आहे."

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं त्याला सासू पुढे कितीतरी दिवस "सुनेचा शहाणपणा" म्हणत होती. विसावी पाटी पडली, आणि मोजणारणीने खडा न टाकता, न थांबता आवाज दिला, "एकवीस! बावीस!" तेवढं तिला येत होतं. पन्नासपर्यंत तर बिनघोर येत होतं. पोरं राशीच्या आडोशाला खेळत होती, त्यांच्या कानावर पडावं एवढाच तिचा हेतू.

पण बायांचे पाय विसाचे होते. वर्षानुवर्षं त्यांनी एकोणिसाव्या पाटीला शेवटचा जोर काढला होता आणि विसाव्याला सोडून दिला होता. आता तो जोर कुठे सोडायचा तेच कळेना. एकीने सवयीने थांबून पाण्याला हात घातला, मागचीची पाटी तिच्या पाठीवर आदळली. रांग मोडली. सव्विसाव्या पाटीला सासूचा पाय बांधाच्या कडेवरून घसरला आणि म्हातारी पाटीसकट गुडघ्यावर पडली.

जखमेवर मीठ चोळणं असं माणसं उगाच बोलून जातात. म्हातारीच्या फुटलेल्या गुडघ्यात खरंच मूठभर मीठ गेलं होतं. ती ओरडली नाही. दात खाऊन तिने सुनेकडे बघितलं.

"तुझी पोर शिकावी म्हणून माझा गुडघा फोड. दुसराही शाबूत आहे, तोही फोड."

"आत्याबाई, चुकलं माझं."

"चुकलंच. मोजणी म्हणजे काय तोंडाला येईल ते बडबडणं वाटलं तुला? बाईच्या छातीत किती श्वास मावतो त्याचा हिशेब आहे तो. माझ्या सासूने घातलेला."

मुकादमाने दुरूनच हात वर केला. "वीस म्हणजे वीस! मोजणी बदलायची नाही. गोंधळ होईल तो माझ्या माथी."

नवरा मुळातच मोजकं बोलणारा. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बायको भांडी घासत बसली होती, तिच्या शेजारी तो येऊन बसला आणि म्हणाला, "तू दम काढून घेतलास, म्हणून पडल्या त्या. दम ठेव. फक्त एकावर परत जाऊ नकोस."

मोजणारीण घासता घासता थांबली.

"विसाला थांब. खडा टाक. आणि मग एकवीस म्हण. कुणाच्या पायाला काय त्रास आहे?"

एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही म्हणून तिला आधी राग आला आणि मग हसू आलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. या माणसाने एका दमात एवढं बोललेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सकाळी कामावर जायच्या आधी ती शाळेच्या खिडकीशी गेली. गुरुजी फळा पुसत होते.

"गुरुजी, पन्नासच्या पुढचे मला म्हणून दाखवा. एकसष्टापाशी माझी गाडी अडते."

गुरुजींनी चष्मा वर केला. आईबाप भांडायला येत, पोराचं नाव काढायला येत. आकडे मागायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी म्हणून दाखवले, एका लयीत, भरभर, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

"तुमच्यात दम घ्यायला जागाच नाही," मोजणारीण म्हणाली.

"कशात?"

"तुमच्या मोजण्यात. एकापासून शंभरापर्यंत एकच चढ. पोरं मध्येच गळपटतात. विसाला थांबा की जरा."

गुरुजी थोडे दुखावले. पण त्यांनी विसाला थांबून बघितलं, चाळिसाला थांबून बघितलं. आणि ती बाई गजाला धरून, डोळे मिटून, ओठांनी त्यांच्या मागोमाग जात राहिली. चार दिवस रोज सकाळी हे चाललं. गावातल्या पोरांनी खिडकीकडे बोट दाखवून हसून घेतलं. "खड्याची आई पहिलीत बसली," असंही कुणीतरी म्हणालं. तिने ते ऐकलं आणि गिळलं. मिठागरावरच्या माणसाला खारट गिळायची सवय असते.

मग तिने ते आकडे चालीवर घातले. कामावर मात्र मुकादमाने बजावल्याप्रमाणे मोजणी जुनीच ठेवली. नवी चाल पोरांसाठी होती, आणि तिला जागाही सापडली होती. मीठ उपसून रिकामा झालेला पहिला वाफा. त्याची माती ओलसर, पण पाय न रुतणारी. नवऱ्याने फळीच्या कडेने त्यात रेघा ओढल्या. पाच ओळी, एकेका ओळीत वीस घरं. पहिली ओळ जिथे संपे तिथेच दुसरी वळून सुरू होई, दुसरी संपे तिथे तिसरी.

दुपारच्या सुट्टीत तिने सहाही पोरांना वाफ्याच्या कडेला उभं केलं.

"एका पायावर जायचं. घर आलं की आकडा. विसाव्या घरात दोन्ही पाय टेकायचे, खडा ठेवायचा, दम घ्यायचा. मग?"

"मग परत पहिल्या घरात," टिटवी म्हणाली.

"नाही. परत यायचं नाही. वळायचं."

पोरांनी त्या वळणाकडे असं पाहिलं, जणू काल तिथे भिंत होती. मोजणारणीने टाळी धरली आणि सूर लावला,

"विसाला खडाऽ, दम घ्या थोडाऽ,
मागे नका फिरूऽ, एकवीस जोडाऽ!"

टिटवी वळली. आणि एका पायावर, हात पसरून, एकविसाव्या घरात गेली.

पहिल्या दिवशी तिसाच्या पुढे कुणी गेलं नाही. आकडा चुकला की "मिठात पडला!" असा ओरडा व्हायचा आणि पडलेल्याने बाहेर बसून टाळी धरायची. त्यामुळे झालं असं, की चुकणारं पोर रडत बसण्याऐवजी टाळ्या वाजवत दुसऱ्यांचे आकडे ऐकत बसलं. हे काही मोजणारणीने ठरवून केलं नव्हतं. टाळी धरायला माणूस हवं होतं, तिचे हात दुखत होते. पण चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की जे पोर सगळ्यांत जास्त वेळा मिठात पडलं होतं तेच आता सगळ्यांत पुढे जात होतं.

गुडघ्याला फडकं बांधून सासू बांधावर बसून होती. पडल्यापासून तिला पाटी उचलता येत नव्हती, त्यामुळे तोंड फिरवून बसण्यापलीकडे तिला काम नव्हतं. तोंड फिरवलेलं, कान इकडे. पाचव्या दिवशी ती एकदम ओरडली, "ए लबाडा! चौथी ओळ कुठे गेली? तिसरीतून पाचवीत उडी मारतोस?"

पोरगा खरंच साठावरून एक्क्याऐंशीवर गेला होता. पोरं हसली. म्हातारीने पुन्हा तोंड फिरवलं. पण संध्याकाळी चूल पेटवताना तिच्या तोंडून "मागे नका फिरू" निघालं, आणि सुनेने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

दहाव्या दिवशी मुकादम आला. वाफ्यात बारा पाय धडाधड उड्या मारत होते. त्याचा चेहरा तांबडा झाला.

"वाफा आहे की खेळाचं मैदान? तळ उखडला तर पुढच्या हंगामाला मीठ काय तुझ्या पदरात धरणार?"

पोरं आहे त्या घरात एका पायावर गोठली. वाफा मुकादमाचा होता, त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. तो तावातावाने आत उतरला, खाली वाकला आणि तळावर अंगठा दाबला. मग दुसरीकडे दाबला. मग टाच मारून बघितली.

दर हंगामाच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, म्हणजे पाणी जिरत नाही. त्या कामाला आठ माणसं आणि चार दिवस लागत, आणि तुडवणारे कडा नेहमी पोकळ सोडत. इथे कडेपासून कडेपर्यंत तळ दगडासारखा बसला होता.

"हे कोणी तुडवलं?"

"एकापासून शंभरापर्यंतच्या आकड्यांनी," मोजणारणीचा नवरा फळीवर रेलून म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे दुसरं लांब वाक्य.

मुकादम उभा राहिला. रागवायला आलेला माणूस, राग कुठे ठेवावा कळेना. "पलीकडचाही रिकामा झालाय," तो शेवटी पुटपुटला. "त्यातही मारा रेघा."

"खेळ आहे हा, मुकादम, बिगारी नव्हे," मोजणारीण म्हणाली. तोंड उघडलंच होतं तर तिने वापरून घेतलं. "पोरं थांबली की थांबली. आणि एक मागणं आहे. पाट्यांची मोजणीपण अशीच करू द्या. विसाला दम तसाच राहील. खडाही तसाच पडेल. फक्त शंभरापर्यंत एकावर यायचं नाही."

"आणि चुकली तर?"

"खडे आहेतच की डब्यात. संध्याकाळी ताडून बघा."

त्याने पहिल्या संध्याकाळी ताडून बघितलं, दुसऱ्या बघितलं, तिसऱ्या दिवशी विसरला. बायांचे पाय विसाला थांबत होते आणि एकविसाला उचलत होते. कुणी पडलं नाही. गुडघा बरा झालेली सासूही रांगेत आली, काही न बोलता. तिचं न बोलणं हाच मोठा होकार होता.

तपासणीस साहेब आले तो उपशाचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून वारा उलटा वाहत होता आणि ढग एवढे खाली आले होते, की राशीच्या टोकावर उभं राहिलं तर हाताला लागतील असं वाटावं. शेवटचा वाफा उरला होता. मुकादम बांधावर येरझाऱ्या घालत होता. मोजणारणीला आज शाळेत जायचं होतं, पण विचारायचीसुद्धा सोय नव्हती. ती राशीशी उभी राहून पुकारत होती आणि डोळे शाळेच्या पत्र्याकडे लावून होती.

चाळीस झाले. पन्नास झाले. आणि शाळेचं दार उघडलं.

बांधावरून गुरुजी पुढे येत होते, मागे पँट गुडघ्यापर्यंत वर धरून एक गृहस्थ, आणि त्यांच्या मागे सहा पोरं. टिटवी शेवटी. तिची मान खाली.

"मुकादम, रिकामा वाफा मिळेल का घटकाभर?" गुरुजी घाईने म्हणाले. त्यांना धाप लागली होती. मोजणारणीकडे वळून ते कुजबुजले, "वर्गात विचारलं तर एकही बोलेना. मागची पोरं फिदीफिदी हसत होती. टिटवी नुसती उभी, आणि बाकाखाली एक पाय वर धरलेला. मी म्हटलं, साहेब, यांची परीक्षा इथे होणार नाही. बाहेर चला."

"मला उशीर होतोय," साहेब म्हणाले. त्यांचा एक बूट बांधाच्या चिखलात राहिला होता, त्यामुळे त्यांचा मूड फारसा बरा नव्हता. त्यांनी कान दिला. "आणि ती मोजणी थांबवा आधी. पोरं ऐकून सांगतील."

मुकादमाने आभाळाकडे बघितलं. रांगेत सहा बाया भरल्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. पाटी खाली ठेवली तर पुन्हा डोक्यावर द्यायला दोन माणसं लागतात, आणि तेवढ्यात पाऊस आला तर वाफ्यातलं सगळं पाणी. त्याने ओठ चावला.

"थांब गं," तो म्हणाला.

मिठागर गप्प झालं. सहा माना पाट्यांखाली ताठ. मोजणारणीने ओठ मिटले आणि पदराचं टोक दातांत धरलं.

टिटवी वाफ्याच्या कडेला आली. एक पाय उचलला. एक. दोन. तीन. तिचा आवाज सुरुवातीला एवढा बारीक होता की वाऱ्याने तो अर्धा नेला. दहाच्या घरात तो मोठा झाला. अठरा. एकोणीस. वीस. दोन्ही पाय टेकले, वाकली, खडा ठेवला.

आणि थांबली.

"विसाच्या पुढे?" साहेबांनी विचारलं. तोच प्रश्न, वर्गातल्याच आवाजात. टिटवी बोलली नाही. मोजणारणीच्या जिभेवर तो आकडा निखाऱ्यासारखा होता. एक हुंकार दिला असता तर पोरीला कळलं असतं. तिने पदर आणखी घट्ट चावला.

टिटवी अडली नव्हती. ती दम घेत होती. छाती भरून तिने श्वास घेतला, सोडला, आणि वळली.

"एकवीस!"

त्यानंतर तिला कुणी अडवू शकलं नसतं. ती तिसापार गेली, चाळिसाला टेकली, खडा, दम, वळण, पन्नास, साठ. एकसष्टापाशी, जिथे तिच्या आईची गाडी अडायची, तिथून ती भिंगरीसारखी निघून गेली. शंभराव्या घरात तिने दोन्ही पाय असे आपटले की चिखलाचे शिंतोडे साहेबांच्या चष्म्यावर उडाले.

"पाठ केलंय," साहेब चष्मा पुसत म्हणाले. मग ते स्वतःच वाफ्यात उतरले. एक बूट, एक मोजा. इकडेतिकडे बघून ते एका घरात जाऊन उभे राहिले. "मी कितव्या घरात आहे? उड्या न मारता सांग."

टिटवीने एकदा नजर फिरवली. "दोन ओळी मागे टाकल्या, म्हणजे चाळीस. आणि तिसऱ्या ओळीत सातवं घर. साहेब सत्तेचाळिसात आहेत."

साहेबांनी बोटाने घरं मोजली. दोनदा मोजली.

"नऊ घरं मागे गेलो तर?"

टिटवीचा अंगठा हवेतल्या हवेत हलला. "आधी सात मागे. चाळीस. मग वळायचं. आणखी दोन. अडतीस."

"हे दुसरीतली पोरं बोटांवर करतात आणि चुकतात," साहेब गुरुजींना म्हणाले. आवाजातली घाई गेली होती. त्यांनी उरलेल्या पाचांनाही बोलावलं. एकेका घरात उभं करून पुढे-मागे पाठवलं. एक पोरगा अडखळला तर बाकीच्यांनी नकळत टाळी धरली, आणि तो सावरला. साहेबांनी कागद काढून मांडीवर ठेवला आणि सहा नावांपुढे सहा खुणा केल्या.

"सहाही दुसरीत. तुम्ही शिकवलंत?"

गुरुजींना हो म्हणता आलं असतं. कुणी खोडून काढलं नसतं. "मी नुसते आकडे सांगितले," ते म्हणाले. "चाल त्या बाईंची. त्या उभ्या आहेत बघा."

साहेबांनी राशीकडे बघून हात जोडले. मोजणारणीला पदर तोंडातून काढायचंही भान नव्हतं. टिटवी बांधावरून धावत सुटली होती, एका पायावर नाही, दोन्हीवर, आणि ओरडत होती, "आई, दुसरी! आई, मी दुसरीत!" ती येऊन आईच्या कमरेला अशी भिडली की पिशवीतले खडे खळखळले. तीन वाफे पलीकडे नवऱ्याने फळी खाली ठेवली होती आणि तो दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. मोजणारीण रडली. लाज न वाटता, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडली.

"झालं ना? आता पाट्या!" मुकादमाने डोळे बारीक करून पहिल्यांदा आभाळ आणि मग रास बघितली. "चला, चला. किती झाल्या होत्या?"

मोजणारणीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मघाशी थांबताना आकडा तिच्या जिभेवर होता. मग पोरगी वळली आणि तिच्यामागे तिचंही मन शंभरापर्यंत गेलं होतं. आता तिथे काही नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मोजणी हाती आल्यापासून ती हे पहिल्यांदा म्हणत होती.

"माहीत नाही? अगं, डब्यात तीन खडे. म्हणजे साठ झाल्या. त्याच्या पुढे?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मान हलवता येत नव्हती, म्हणून नुसते डोळे फिरले.

"सहासष्ट," रांगेतून बसका आवाज आला.

सगळे वळले. सासू पाटीखाली ताठ उभी होती. कपाळावरून घाम ओघळत होता, पिंढऱ्या थरथरत होत्या. उभ्या जन्मात तिने एका वेळी विसापर्यंतच मोजलं होतं, आणि तिच्या सासूनेही.

"सहासष्ट झाल्यात," म्हातारी म्हणाली. "ही माझी सदुसष्टावी. बघताय काय सगळे तोंडाकडे? पुकार, सूनबाई. मान मोडली माझी."